सिंहाचा दूत आणि उंटांचा झरा

वाळवंटात माणसांची वाट पडण्याआधीची ही गोष्ट. जंगलच्या सिंहाला वाघाशी युद्ध करायचे होते, पण मध्ये वाळवंट होते. उंटांच्या मदतीशिवाय ते ओलांडता येणार नव्हते. म्हणून त्याने आपला गोडबोल्या कोल्हा दूत म्हणून उंटांकडे पाठवला.

उंटांची प्रमुख जुवैरा नावाची म्हातारी सांडणी होती. तिने कोल्ह्याला आपल्या झऱ्याकाठच्या खजुरीच्या बागेत सावलीत बसवून खजूर दिले. खजूर चघळत कोल्हा म्हणाला, "बाईसाहेब, आमच्या बाजूने लढा. युद्ध जिंकलं की महाराज हा झरा आणि ही खजुरीची बाग कायमची तुम्हाला देतील."

तिचा तरुण भाचा फव्वाज हरखून उठला. "आत्या, हो म्हणा की!"

जुवैराने विचारले, "दूतसाहेब, आत्ता कोणाचे खजूर खाताय?"

"तुमचेच की," कोल्हा बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

फव्वाज क्षणभर गोंधळला, मग खो खो हसत सुटला. सगळा तांडा हसू लागला. शेवटी कोल्ह्यालाही हसू आवरेना.

"महाराजांना सलाम सांगा," जुवैरा म्हणाली. "पाहुणे म्हणून आले, तर पोटभर पाणी पाजू."

निरोप ऐकून सिंह बराच वेळ गुरगुरला. पण उंटांशिवाय वाळू ओलांडणार कशी? त्या वर्षी युद्ध झालंच नाही, आणि पुढे कुणी त्याचं नावही काढलं नाही.