जहाजांनी टाकलेले दगड

"मग तुम्हीच सांगा बाबा, हे बंदर एवढं कशानं वाढलं?"

धक्क्यावर बसलेल्या म्हाताऱ्या लतीफबाबांनी भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवला. दात नव्हते, त्यामुळे त्यांच्या जेवणाला वेळ लागे.

विचारणाऱ्या विसाजीकडे स्वतःचंच उत्तर तयार होतं. तो घाटावरचा कापडव्यापारी. आता बंदरात त्याची दोन मजली पेढी होती.

"खाडी खोल आहे. जकात हलकी. आणि इथे कोणी तुमचं गाव विचारत नाही. आलेला माणूस जातच नाही, बाबा. मी चार दिवसांसाठी आलो होतो. आता केस पिकायला लागले."

"घरी कोण आहे?"

"आई. उद्या निघतोय तिला आणायला. म्हातारीला समुद्र दाखवतो."

"ती तुला काय म्हणून हाक मारते?"

विसाजी हसला. बोलायला तोंड उघडलं...

"लहानपणचं काहीतरी आहे," तो म्हणाला. "आठवेल."

बाबा जेवत राहिले.

"तिचा आवाज कसा आहे?"

विसाजीने नजर खाडीकडे वळवली.

समोर एक रिकामं गलबत नांगरलं होतं. खलाशी त्याच्या पोटातून दगड काढून किनाऱ्यावर टाकत होते.

"ते काय करतायत?" बाबांनी विचारलं.

"हे काय विचारणं झालं? रिकामं गलबत डोलतं, म्हणून तळाशी दगड भरून आणतात. इथे माल मिळतो. मग दगड कशाला हवेत?"

"त्यांचं काय होतं?"

"गवंडी उचलतात. निम्मं शहर त्या दगडांचंच आहे."

"तू काय टाकलंस?"

"मी? मी बैल घेऊन पायी आलो, बाबा."

बाबांनी हात धुतले. विसाजीचं मनगट धरलं आणि त्याला शेजारच्या गल्लीत नेलं. भर दुपार होती. पायाखालची वाळू भाजत होती. बाबा एका जुन्या घराच्या भिंतीपाशी थांबले. तिथला एक दगड कानाच्या उंचीवर झिजून गुळगुळीत झाला होता.

"तो नको," बाबा म्हणाले. "तो माझा आहे. याला कान लाव."

विसाजीने बाजूच्या दगडाला कान लावला. दगड विहिरीच्या तळासारखा गार होता.

आधी काहीच नाही. मग चुलीत लाकूड तडतडल्यासारखं झालं. मग एक बाई... लांबून, दारात उभी राहून बोलावल्यासारखी.

"बगड्या, ताट वाढलंय रे..."

विसाजीने दोन्ही तळवे भिंतीला टेकवले. त्याने पुन्हा कान लावला. हाक तीच होती. तिला घाई नव्हती. ओ येईल याची खात्री असल्यासारखी ती पुन्हा पुन्हा येत होती.

"हा माझा," तो म्हणाला. "बाबा, हा माझा आहे."

तो नखांनी चुना उकरू लागला. बोटांतून रक्त आलं. चुना निघेना.

"पहार मागवा. या घराची होईल ती किंमत देतो. हा दगड मला काढायचाय."

वरच्या खिडकीतून पाळण्याच्या कड्यांची कुरकुर ऐकू आली. कोणीतरी हलक्या आवाजात गुणगुणत होतं. विसाजीचे हात थांबले.

बाबांनी वर पाहिलं.

"काढ ना," ते म्हणाले. "फक्त वरच्या बाईला आधी सांग, पोराला उचलून घे म्हणावं."