वासाचं भाडं

“वास निघाला की पैसे मिळतील!” हरबाशेट म्हणाला आणि त्याने तपकिरीची चिमूट नाकात कोंबली.

येसू हिंगवालीला वाटलं, आपल्याच कानांची काहीतरी गफलत झाली. “काय निघाला की?”

“वास! तुझ्या हिंगाचा! तू माझं घर सोडलंस, पण तुझा वास अजून तिथंच राहतोय. राहतोय म्हणजे भाडं चालू!”

येसूने पाडव्याला वर्षभराचं भाडं आगाऊ दिलं होतं. श्रावणात पेठेत तिला स्वतःची जागा मिळाली. तिने शेटचं घर झाडलं, शेणाने सारवलं, किल्ली त्याच्या हातात दिली आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे मागितले. दसरा आला तरी शेटचं ‘देतो, देतो’ काही संपेना. आता हिंग विकायला काबुली व्यापारी गावाबाहेर उतरले होते. ते वर्षातून एकदाच येत. कोजागिरीला त्यांचे उंट निघाले की येसूच्या डब्या वर्षभर रिकाम्या आणि चूल थंड!

“शेटजी, मी राजाकडे जाईन हं!”

“जा की! दरबारात तुला हिंग लावून तरी कोण विचारतंय?”

येसू तडक निघाली. मागोमाग शेटही निघाला, आपली बाजू सांगायला.

राजा तसा भला होता, पण हट्टी. एकदा बोललेला शब्द तो कोणाच्या बापाचं ऐकून मागे घेत नसे. त्यात हल्ली त्याला सारखी भूक लागे. येसूचं गाऱ्हाणं ऐकता ऐकता त्याने दोनदा मुदपाकखान्याकडे वळून विचारलं, “आमटी झाली का रे?”

शेटने हात जोडले. “महाराज, हिंग गेला तरी वास राहतो, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि राहणाऱ्याने भाडं भरायला नको?”

रिकाम्या पोटी राजाला हे फार पटलं. “खरंच की! बाई, उद्या तो वास पोत्यात भरून इथं घेऊन ये. आणलास तर पैसे परत. नाही आणलास तर भाडं चालू!”

“वास? पोत्यात?”

“पोतं आम्ही देऊ!” राजा मोठ्या उदारपणे म्हणाला.

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना पगार माना डोलावण्याचाच मिळे.

येसूच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसत ती पोतं घ्यायला सिंहासनापाशी गेली आणि एकदम थबकली. राजाच्या नव्याकोऱ्या अंगरख्याला हिंगाचा वास येत होता. तोही तिच्याच हिंगाचा!

“महाराज, अंगरखा काय शोभतोय! कोणी शिवला हो?”

“आमच्या बाळाप्पा शिंप्याने!” राजा खूश झाला.

येसूने डोळे पुसायचं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात आली ती काखेत रिकामं पोतं घेऊन. मागे पागोट्यात सुया खोचलेला बाळाप्पा.

“वास कुठाय?” राजाने विचारलं.

“नाही आला, महाराज. पोत्याचं तोंड उघडून मी केवढी विनवणी केली! तर म्हणतो कसा, फाल्गुनअखेरपर्यंतचं भाडं भरलंय, मी का निघू?”

“बरोबर आहे त्याचं!” राजा म्हणाला.

“शेटजींनाच विचारा. तोवर घर कोणाचं?”

“तुझ्या वासाचं!” शेट ठसक्यात म्हणाला.

“आणखी कोणी राहत नाही ना तिथं?”

“छे! दाराला कुलूप आहे, बघून या!”

“मग महाराज, माझ्या वासाची एक फिर्याद आहे.”

“वासाची?” राजा सिंहासनाच्या कडेवर सरकला. “बोलवा त्याला! म्हणजे... तूच सांग!”

“त्याच्या घरात एक शिंपी घुसलाय!”

“घुसलोय?” बाळाप्पा उसळला. “भाडं भरतोय मी! पुढच्या दाराला शेटजींचं कुलूप, मागच्या दाराने माझं येणं-जाणं. वर गिऱ्हाइकांची बोलणी! परवा एक बुवा माझा अंगरखा घालून कीर्तनाला उभे राहिले, तर आरतीच्या आधीच अख्खी मंडळी पंगतीला जाऊन बसली!”

राजाने आपली बाही नाकाशी नेली. एकदा हुंगली. पुन्हा हुंगली. “म्हणजे इतके दिवस मी ज्या आमटीची वाट पाहतोय, ती... ही?”

येसू पुढे झाली.

“महाराज, घर माझ्या वासाचं. मग बाळाप्पा झाला वासाचा पोटभाडेकरू! त्याचं भाडं वासालाच मिळायला हवं. वासाला कनवटी नाही, म्हणून मी घेईन!”

शेटला दरदरून घाम फुटला. “नाही, नाही! घरात वास नाहीच, महाराज! कधीच गेला! भिंती हुंगून बघा!”

“नक्की गेला?”

“शपथ! नावालासुद्धा उरला नाही!”

“अगंबाई, सुटले!” येसूने हात पुढे केला. “वासही गेला, मीही गेले. आता उरलेलं भाडं टाका, शेटजी!”

शेटने आ वासला तो तसाच राहिला. आणि राजा असा खदाखदा हसला की मुकुट घसरून कानावर आला.

“काढ रे पैसे, हरबा! आत्ताच्या आत्ता! आणि शिंप्याला पुढच्या दाराची किल्ली दे.” मग मुकुट सावरत तो येसूकडे वळला. “माग, बाई, तुला काय हवं ते माग! राजा स्वतः हिंग लावून विचारतोय!”

येसूने एकवार शेटकडे पाहिलं. मग तिने ते पोतं राजासमोर धरलं.

“महाराज, हे भरून आणायचा हुकूम तुमचाच होता. राजाचा शब्द खाली पडू नये, एवढंच वाटतं!”

“भरा रे! चांदीने भरा!” हसता हसता राजाला ठसका लागला. “आणि त्या काबुल्यांना निरोप द्या, ही पोचेपर्यंत एकही उंट हलता कामा नये!”