टिपकीचं पांढरं नख

कोंबड्या माणसांशी बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. कोंबड्यांची मालकीण गौराक्का आज अस्सल काळ्या वाणाची पिल्लं निवडणार, म्हणून अंगणात नुसती धांदल उडाली होती. टिपकी या काळ्या पिल्लाचं एकच नख पांढरं होतं; ते दिसलं तर ती बाद, म्हणून ते लपवायला ती पाय मातीत खुपसून बसली होती.

"हलू नकोस गं," आई कुजबुजली.

तेवढ्यात घारीची सावली फिरली. बाकीची पिल्लं माना ताठ करून गौराक्काकडेच बघत होती. टिपकी पाय उपसून ओरडत सुटली, "घार आली, डालग्याखाली पळा!" सगळी तिच्यामागे धावली. घार रिकाम्या पंजांनी परतली.

गौराक्काने टिपकीला उचललं, नख पाहिलं. आईने डोळे मिटले.

"वाण राखायला मी बसले होते," गौराक्का म्हणाली, "राखला मात्र हिने."