थांबणारे यंत्र

एकदा एक उद्योजिका आपल्या गुरूंना घेऊन यंत्रनिर्मात्यांच्या प्रदर्शनाला गेली. तिचे नाव इंदुमती. बार्शीला तिचा पापडांचा छोटा कारखाना होता. गुरू म्हणजे बिराजदार सर. तंत्रशाळेत त्यांनी तिला यंत्रविद्या शिकवली होती, आणि ते निवृत्त झाल्यावरही अडीनडीला ती त्यांच्याकडेच जाई.

या वेळी ती मोठ्या अडचणीत होती. तिच्या जुन्या यंत्रात पीठ दाबून पातळ करणारे दोन रूळ होते. चिकट गोळा आत ढकलताना तिथे काम करणाऱ्या शेवंताबाईंचा उजवा हात त्या रुळांत गेला. यंत्र बंद करायचे बटण पलीकडच्या भिंतीवर होते. इंदुमती धावली, बटण दाबले, पण तेवढ्या अवधीत शेवंताबाईंची दोन बोटे कायमची अधू झाली. त्या दिवसापासून ते यंत्र बंद होते. बायका हाताने पापड लाटत होत्या, पण पुरे पडत नव्हते. नवे यंत्र आणणे भाग होते. इंदुमती प्रदर्शनाला निघाली तेव्हा शेवंताबाई एवढेच म्हणाल्या होत्या, "ताई, नव्या यंत्रावर माझी सून उभी राहणार आहे. नीट बघून आणा."

हे वाक्य मनात घेऊन इंदुमती प्रदर्शनाच्या भल्यामोठ्या मंडपात शिरली आणि पार भांबावून गेली. चहूकडे यंत्रांची घरघर, दिव्यांचा लखलखाट, हातात पत्रके कोंबणारी मुले. प्रदर्शनाचा तो शेवटचा दिवस होता. एखादा स्टॉल राहून गेला आणि नेमके तिथेच चांगले यंत्र असले तर? या धास्तीने ती जवळजवळ पळतच होती. प्रत्येक ठिकाणी विचारी, "तासाला पापड किती? वीज किती लागते?" उत्तर पुरते ऐकण्याआधीच तिची नजर पुढच्या स्टॉलकडे जाई. दुपार झाली तेव्हा तिच्या पिशवीचे बंद खांद्यात रुतत होते, आणि सकाळी पाहिलेले यंत्र कोणते नि आत्ता पाहिलेले कोणते, हेही तिला सांगता आले नसते.

सर मात्र विलक्षण वागत होते. ते एकही पत्रक घेत नव्हते. चालत्या यंत्रापुढे जाऊन उभे राहत आणि शांतपणे म्हणत, "बंद करा."

विक्रेते गोंधळत. एकाला बटण शोधायला टेबलाला वळसा घालून मागे जावे लागले. दुसऱ्याने बटण चटकन दाबले, पण रूळ आपल्याच वेगाने काही वेळ फिरत राहिले. तिसरा हसून म्हणाला, "काका, लोक चालू यंत्र बघायला येतात. तुम्हाला बंद कशाला बघायचंय?" सरांनी त्याला नमस्कार केला आणि पुढे निघाले.

इंदुमतीला संकोच वाटू लागला, मग राग आला. "सर, वेळ संपत चाललाय," ती म्हणाली. "अजून अर्धा मंडप बघायचा राहिलाय, आणि तुम्ही यंत्रं बंद काय करत बसलाय?"

सर चहाच्या टपरीशेजारच्या बाकावर टेकले. तिलाही त्यांनी बसायला सांगितले.

"इंदू, इथलं प्रत्येक यंत्र चालणारच. चालवून दाखवायलाच ते आणलंय. पीठ मऊ मळलेलं, चालवणारा ताजातवाना, कुणाला घाई नाही. तुझ्याकडे सणाच्या तोंडावरची दुपार असेल, पीठ चिकट असेल, हात घामेजलेले असतील. विक्रेत्याला जे दाखवायचंय तेवढंच बघून परततो तो पाहुणा. आपल्याला जे बघायचंय ते दाखवायला लावतो तो गिऱ्हाईक. तू सकाळपासून वेग विचारत फिरतेस. रात्रीची झोप काय वेगापायी उडालीय तुझी? जिच्यापायी उडालीय, ती गोष्ट तू अजून एकदाही तोंडातून काढलेली नाहीस."

इंदुमतीने मान खाली घातली. "लाज वाटते, सर. माझ्याकडे एका बाईचा हात यंत्रात गेला, हे परक्या माणसाला कसं सांगू?"

"त्यालाच सांग. यंत्र तो बनवतो. त्याला नाही कळलं, तर कळायचं कुणाला?"

ती उठली. ज्या स्टॉलवर यंत्र बनवणारा कारखानदार स्वतः उभा होता, तिथे गेली. त्याने तोंडपाठ माहिती सुरू करताच तिने त्याला थांबवले आणि घडलेले सगळे सांगितले. आजूबाजूचे दोघेतिघे थबकून ऐकू लागले. कारखानदाराच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले.

"आमचं बटण रुळांच्या अगदी शेजारी आहे," तो म्हणाला. "उजव्या हाताला."

"आणि उजवाच हात अडकला तर?"

"तर डाव्यानं..." असे म्हणत त्याने यंत्र बंद केले, उजवा हात रुळांशी टेकवला आणि डावा हात बटणाकडे नेला. तो पोचेना. त्याने अंग वाकवले, पुन्हा प्रयत्न केला. बोटे बटणाच्या अलीकडेच राहिली.

"नाही पोचत," तो हळूच म्हणाला. "इतकी वर्षं हे यंत्र बनवतोय, पण असं उभं राहून कधी पाहिलंच नाही. पायानं दाबायची पट्टी बसवता येईल. आत्ता ती माझ्याकडे नाही, उगाच आहे म्हणणार नाही. तुमच्या बायका कशा उभ्या राहतात, ते मला येऊन बघू द्याल?"

इंदुमतीने त्याला कारखान्याचा पत्ता दिला. उरलेला अर्धा मंडप पाहायचा राहिला, आणि त्याची तिला खंतही वाटली नाही.

पुढच्याच आठवड्यात तो कारखानदार बार्शीला आला. बायकांना त्याने रिकाम्या जागेत उभे केले आणि कोणाचा पाय कुठे पडतो, ते जमिनीवर खडूने आखून घेतले. महिन्याभरात पट्टी बसवलेले यंत्र आले. सरांच्या सांगण्यावरून प्रत्येक बाई आधी ते थांबवायला शिकली, मगच चालवायला.

यंत्र पाहायला आलेले सर निरोप घेऊ लागले तेव्हा इंदुमती म्हणाली, "सर, धास्ती अजून पुरती गेलेली नाही."

"जाऊही नये," सर म्हणाले. "फक्त तिनं पळायला लावू नये, विचारायला लावावं."

इंदुमतीने मान हलवली आणि ती कामाला लागली.

बाजारात जाताना आपण गरजांची उजळणी करतो. आपल्या भीतीलाही तिथे दोन शब्द बोलू द्यावेत.