अंबाबाईची विहीर

साखळकर कुलमंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब मुंबईहून गावच्या शाखेत आले ते हातात पितळी कुलूप घेऊनच. कुळाची जुनी विहीर शाखेने उपसून साफ केली होती, आणि ऐन मे महिन्यात खालच्या खारवीवाडीच्या बायका तिथूनच पाणी नेत होत्या. हेच त्यांना खुपलं.

सभा विहिरीवरच भरली. "वारसा जपायचा तर नियम हवेत," बापूसाहेब गरजले. "हे पाणी साखळकरांच्या घरात जन्मलेल्यांनाच!"

शाखेचं काम बघणाऱ्या वेणूकाकू पुढे झाल्या. वाडीची स्वतःची विहीर केव्हाच आटली होती. पण हा माणूस मानी. विनवणी केली की आणखी ताठणार.

"बापू, सुना चालतील का हो?"

"जन्मलेल्यांनाच म्हटलं ना, काकू! सवलत कुणालाही नाही."

"बरं बाबा. मग तेवढा काठावरचा दगड वाचा. शाखेने परवाच त्याचं शेवाळ काढलंय."

बापूसाहेबांनी चष्मा चढवला नि मोठ्यांदा वाचलं, "ही विहीर आबाजी साखळकर यांची सून अंबाबाई हिने बांधिली."

"म्हणजे बांधणारीलाच पाणी बंद!" काकू म्हणाल्या. "खुशाल लावा कुलूप. पण ही विहीर आधी तिची तिला परत करा, आणि तुमची दुसरी खणा. पहार मी देते."

सगळी सभा खो खो हसली. बापूसाहेबही शेवटी हसले, कोट काढला आणि एका खारविणीची पहिली घागर स्वतः ओढून दिली.

ते कुलूप आता शाखेच्या लोणच्याच्या कपाटाला आहे. किल्ली काकूंकडे. त्या ती बापूसाहेबांनाही देत नाहीत.