संपर्क होऊ शकला नाही

एकदा एक वृद्ध बातमीदार एका विद्यापीठात पत्रकारिता शिकवायला आले. उभं आयुष्य त्यांनी वर्तमानपत्रात काढलं होतं आणि त्यातला बराचसा काळ भांडण्यात घालवला होता. मालकांशी, मंत्र्यांशी, जाहिरात विभागाशी, आणि कोणीच न सापडल्यास मुद्रितशोधकाशी. निवृत्तीनंतर भांडायला माणूस उरला नाही म्हणून ते शिकवायला आले, असं विभागातले प्राध्यापक चहा पिताना म्हणत. विद्यार्थी त्यांना नुसतं 'सर' म्हणत आणि जपून असत.

त्या विभागाची एक रीत होती. विद्यार्थी मिळून चार पानी सरावपत्र काढत. बातम्या त्यांच्या, छायाचित्रं त्यांची, मांडणीही त्यांचीच. वर्षाचा शेवटचा अंक शहरातल्या एका दैनिकाच्या संपादकांकडे जाई आणि पहिल्या पानावरची मुख्य बातमी ज्याची, त्याला तिथे शिकाऊ बातमीदार म्हणून उमेदवारी मिळे. त्या एका जागेसाठी सगळेच झुरत. सर्वांत जास्त झुरत होता रेवण.

रेवण लांबच्या तालुक्यातून आलेला, वसतिगृहात राहणारा, हुशार आणि तापट मुलगा. अन्याय दिसला की त्याचे कान लाल होत. ज्याचे कान लालच होत नाहीत त्याने बँकेत जावं, असं सरांचं मत होतं, त्यामुळे रेवण त्यांचा आवडता होता.

शेवटच्या अंकासाठी रेवणने जी बातमी आणली ती अशी. वसतिगृहाच्या तळमजल्यावरची अभ्यासिका ऐन परीक्षेच्या तोंडावर बंद होती. दाराला कुलूप, वर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी आणि खाली वसतिगृहाचे रेक्टर प्राध्यापक कुंभोजकर यांची सही. आत दुरुस्तीचं नाव नव्हतं. रेवणने खिडकीच्या फटीतून फोटो काढले. सिमेंटची पोती होती, लोखंडी पाइप होते, कामगार एकही नव्हता. मुलं जिन्यात बसून वाचत होती. आणि रेक्टरसाहेब शहराबाहेर घर बांधताहेत, हे तर मेसमध्ये सर्वांनाच ठाऊक होतं. रेवणने दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आणि मथळा दिला: 'रेक्टरांच्या घराचे सामान अभ्यासिकेत?'

मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की पुरावा द्यावा लागत नाही, हा शोध आमच्या धंद्याने फार पूर्वी लावला आहे. रेवण तो वाचून वाचूनच शिकला होता.

सरांनी बातमी सावकाश वाचली. "लिहिलंयस चांगलं. धार आहे," ते म्हणाले. मग त्यांचं बोट शेवटच्या वाक्यावर थांबलं. तिथे लिहिलं होतं: 'या संदर्भात रेक्टर कुंभोजकर यांच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला असता संपर्क होऊ शकला नाही.'

"हे रेक्टर राहतात कुठे?"

"आवारातच, सर. मेसच्या समोर."

"दिसतात कधी?"

"रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालत असतात. मी समोरून गेलो की 'काय रे, झोप झाली का' असं विचारतात."

"बरं," सर म्हणाले. "खुर्ची घे आणि माझ्या शेजारी बस. तोंड वर्गाकडे."

रेवण बसला. सरांनी मेहरुन नावाच्या विद्यार्थिनीला हाक मारली. विभागाच्या दाराजवळच्या भिंतीवर रोज एक हस्तलिखित पत्रक लागे आणि अक्षर टपोरं म्हणून ते तिच्याकडे असे.

"मेहरुन, उद्याची बातमी घे. मथळा: 'विभागाचा कॅमेरा बेपत्ता'. खाली बारीक अक्षरात: 'विद्यार्थ्याचा हात?' प्रश्नचिन्ह विसरू नकोस."

वर्ग सावरून बसला. सर सांगत गेले. विभागाचा कॅमेरा काही दिवसांपासून कपाटात नाही. तो रेवणच्या नावावर दिलेला आहे. रेवणला कॅमेऱ्याच्या पिशवीसह बसस्थानकावर पाहण्यात आलं. "कोणी पाहिलं?" मागच्या बाकावरून एक हात वर झाला. त्यानंतर रेवण गावी जाऊन आला आणि परतला तेव्हा हातात पिशवी नव्हती. "हे कोणाला माहीत आहे?"

"मला, सर," रेवणच्या खोलीत राहणारा मुलगा म्हणाला. "पण सर, तो तर..."

"पण नको. पण आला की मथळ्याची मजा जाते. मेहरुन, लिही: 'खोलीतील सहकाऱ्याने यास दुजोरा दिला.'"

"सर, तुम्हीच तर मला..." रेवण उठू लागला.

सरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "शेवटचं वाक्य. 'या संदर्भात संबंधित विद्यार्थ्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला असता संपर्क होऊ शकला नाही.'"

वर्ग हसला. "सर, मी इथेच बसलोय," रेवण म्हणाला.

"कोणी काही बोललं का?" सरांनी खिडकीबाहेर पाहत विचारलं.

मेहरुनने पेन थांबवलं. "सर, हे खरंच लावायचं?"

"लावायचं. उद्या दिवसभर."

पत्रक लागलं. सकाळी कँटीनमध्ये एकाने रेवणला जागा करून दिली आणि म्हणाला, "ये भावा, बस. लेन्स तरी ठेवलीस का स्वतःला?" एका प्राध्यापकांनी भिंतीकडे पाहिलं, मग रेवणकडे, मग घड्याळाकडे, आणि ते निघून गेले. ग्रंथालयातल्या मुलीने त्याच्यासाठी राखून ठेवलेलं पुस्तक दुसऱ्याला दिलं. प्रत्येकाला काहीतरी कळलेलं होतं. त्यामुळे त्याला विचारण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

दुपारपर्यंत पत्रकाचा फोटो मोबाइलवरून फिरत फिरत त्याच्या गावी पोचला. वडिलांचा फोन आला.

"रेवण, कॅमेऱ्याचं काय रं? गणाचा पोरगा हितं मोबाइल नाचवायलाय. तू सांग काय झालं ते, मग त्याला काय बोलायचं ते मी बोलतो."

दिवसभरात त्याला विचारणारा तो एकच माणूस. रेवणला बोलता बोलता रडू आलं, आणि मग रडू आल्याचा राग आला. तो तसाच सरांच्या खोलीत शिरला.

"सर, ते पत्रक माझ्या वडिलांपर्यंत पोचलं. कॅमेरा दुरुस्तीला टाकायला तुम्ही सांगितलं होतं. गावी जाताना वाटेत टाक म्हणालात. दुकानाचं नावसुद्धा तुम्हीच दिलंत."

"दिलं होतं."

"मग ती बातमी खोटी आहे."

"एक वाक्य दाखव खोटं."

रेवण दाराशी उभा राहून मनातल्या मनात पत्रक वाचू लागला. कॅमेरा कपाटात नव्हता. नाव त्याचंच होतं. पिशवी नेली होती, परत आणली नव्हती.

"शेवटचं," तो म्हणाला. "संपर्क होऊ शकला नाही, हे खोटं आहे. मी तुमच्या शेजारी बसलो होतो."

"आणि रेक्टर कुंड्यांना पाणी घालत होते," सर म्हणाले.

रेवणचे कान लाल झाले. या वेळी अन्याय त्याच्याच हातून झाला होता. सरांनी त्याला बसायला सांगितलं.

"कुंभोजकर निर्दोष आहेत, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. फरक एवढाच, की तू छापायला निघालास. समोरच्याला विचारणं हा सभ्यपणा आहे, असं तुम्हा पोरांना वाटतं. सभ्यपणा गेला चुलीत. मी जन्मात कोणाशी सभ्य वागलो नाही, पण विचारल्याशिवाय राहिलो नाही. आपण विचारत नाही, कारण आपल्याला उत्तराची भीती वाटते. उत्तर आलं तर बातमी मोडेल म्हणून. अरे, एका उत्तराने मोडणारी बातमी मुळात उभीच नसते. खरी असेल, तर उत्तराने ती वाढते. जा, विचार. पहिलं पान मी शुक्रवारपर्यंत रिकामं ठेवतो. आणि वडिलांचा नंबर दे, त्यांच्याशी मी बोलतो."

त्याच संध्याकाळी भिंतीवरचं पत्रक उतरलं. त्याच जागी, तेवढ्याच टपोऱ्या अक्षरांत दुसरं लागलं: 'कॅमेरा मीच रेवणकरवी दुरुस्तीला पाठवला आहे. हे ठाऊक असून त्याला न विचारता बातमी लावली.' खाली सरांची सही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवण मेससमोर गेला. कुंभोजकर झारी घेऊन उभे होते.

"काय रे, झोप झाली का?"

"सर, अभ्यासिकेबद्दल विचारायचं होतं. आतलं सामान तुमच्या घराचं आहे का?"

कुंभोजकरांनी झारी खाली ठेवली. "आलास एकदाचा. मला वाटलं, नुसते फोटोच काढत राहणार. माझं घर बांधून वर्ष झालं. मेसमध्ये अजून तेच चालू आहे?" ते आत जाऊन किल्ली घेऊन आले. "चल."

अभ्यासिकेत ओलसर वास होता. एका टेबलाचा अर्धा भाग तुटून पडला होता. कुंभोजकरांनी वर बोट केलं. छताचा मोठा पोपडा निखळला होता आणि आतल्या गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. त्यांच्या बाजूने एक भेग भिंतीपर्यंत गेली होती.

"भर दुपारी पडला. नशीब, मुलं जेवायला गेली होती; ती परतायच्या आत मी दार बंद केलं. हे पाइप छताला टेकू द्यायला आणलेत. बांधकाम विभागाची माणसं सामान टाकून गेली, ती परत फिरकलीच नाहीत."

"मग पाटीवर खरं का नाही लिहिलंत, सर?"

"मूल्यांकन समिती येणार आहे. बोभाटा नको, असा वरून निरोप आला. मी गप्प बसलो. कुलूप लावलं, म्हणजे खाली कोणी बसणार नाही, एवढं पाहिलं." त्यांनी पुन्हा वर बघितलं. "वर कोण आहे, ते पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण पाहिलं नाही असं केलं."

रेवण त्या भेगेकडे बघत होता. "सर, ह्याच्यावर माझी खोली आहे."

"माहीत आहे," कुंभोजकर म्हणाले. "रोज सकाळी झोप झाली का म्हणून विचारतो, ते उगीच नाही."

रेवणने वही काढून सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "हे तुमच्या नावानिशी छापलं तर चालेल?"

कुंभोजकरांनी कुलूप हातात फिरवलं. "छाप. कुंभोजकर म्हणाले, मी आधीच बोलायला हवं होतं. मला कोणी विचारलं नाही, हे मात्र लिहू नकोस. ते काही कारण होत नाही."

रेवणने तिथूनच बांधकाम विभागाच्या अभियंत्यांना फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावला, मग चालत त्यांच्या कार्यालयात गेला. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. रेवण बाकावर बसला आणि बसून राहिला.

शुक्रवारी त्याने सरांपुढे नवी बातमी ठेवली. मथळ्यात प्रश्नचिन्ह नव्हतं: 'अभ्यासिकेचे छत खचले, वर विद्यार्थी झोपतात'. सर वाचत शेवटापर्यंत आले. तिथे लिहिलं होतं: 'बांधकाम विभागाच्या अभियंत्यांना प्रतिनिधीने केलेले फोन उचलले गेले नाहीत. प्रतिनिधी त्यांच्या कार्यालयाबाहेर दुपारभर बसून होता. अभियंते आत होते. आत चहा गेला. प्रतिनिधीला बोलावणे आले नाही.'

"शेवट जरा लांबला आहे," सर म्हणाले.

"झालं तसंच लिहिलंय, सर."

"म्हणून ठेवतो."

अंक निघाला. दोन दिवसांत वरच्या खोल्यांतली मुलं दुसऱ्या इमारतीत हलवली गेली. ज्यांच्याशी संपर्क होत नव्हता, ते अभियंते स्वतः डोक्यावर टोपी घालून छताखाली टेकू लावून घेत होते. दैनिकाच्या संपादकांचा विभागात फोन आला. मथळ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. अभियंत्यांच्या दारात दुपारभर बसलेला तो मुलगा सोमवारपासून येऊ शकेल का, एवढंच त्यांनी विचारलं.

सोमवारी सकाळी रेवण नव्या इमारतीतून निघाला. मुद्दाम लांबचा रस्ता धरून तो मेससमोरून गेला. कुंभोजकर कुंड्यांपाशी वाकले होते.

"काय रे, झोप झाली का?"

"झाली, सर," रेवण म्हणाला. मग वळून त्याने विचारलं, "तुमची?"

कुंभोजकर सरळ उभे राहिले. "झाली," ते म्हणाले, आणि पुन्हा झारी उचलली.

उद्या सकाळी वर्तमानपत्रात 'संपर्क होऊ शकला नाही' हे ओळखीचं वाक्य दिसलं, तर वाचकांनी संपादकांना फोन करून एवढंच विचारावं, की तुमचा माणूस त्यांच्या दारापर्यंत गेला होता का.