पंखा निवेपर्यंत

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजेही होते आणि मोटारीही होत्या. राज्य कुठलं ते विचारू नका. तिथे एक घाट होता, एवढं लक्षात ठेवा.

त्या राज्याच्या राजाकडे शर्यतीची एक लाल मोटार होती. बुटकी, हलकी, दोन माणसांची. राजाच्या गुडघ्यांनी शर्यतीला नकार दिला तेव्हा त्याने ती झाकून ठेवली नाही. राज्यातल्या वैद्यबाईला दिली. म्हणाला, "बाई, मी हिच्यात बसून हारतुरे आणले. तुम्ही माणसं वाचवा."

बाईने ती मोटार रोज चालवली. सकाळी खालची गावं, दुपारी घाट चढून माथ्यावरच्या वस्त्या. शर्यतीची गाडी म्हणून तिने कधी मिरवली नाही, आणि औषधाची गाडी म्हणून कधी रडतखडत हाकली नाही. वळणावर चाक हवं तिथेच पडायचं. राजा गच्चीवरून बघायचा आणि मनात म्हणायचा, ही माझ्यापेक्षा चांगली चालवते. मोठ्याने म्हणायचा नाही. राजाच तो.

पण गाडीचं इंजिन लहान होतं. शेवटच्या चढाला ते धापा टाकायचं.

एकदा माथ्यावरच्या धनगराचा निरोप आला. त्याची बायको बाळंतपणात अडली होती. बाई तशीच निघाली. शेवटच्या चढावर गाडी मुंगीच्या चालीने गेली. बाई पोचली. मूल वाचलं. आई गेली.

धनगराने तिला बोल लावला नाही. म्हणाला, "बाई, तुमी कमी पडला न्हाई. गाडी दमली."

हे शब्द बाईला शिवीपेक्षा जास्त लागले. ती दरबारात जाऊन उभी राहिली. "महाराज, गाडीला जोर द्या. नाहीतर मी पायी जाते. निदान उशीर माझा तरी असेल."

राजाने आपले दोन मिस्त्री बोलावले. दोघे सख्खे भाऊ. दोघांचेही हात सोन्याचे, आणि दोघांचं एका गोष्टीवर कधी एकमत नाही.

थोरला म्हणाला, "हे इंजिन काढून टाका. गडावर पाणी चढवणाऱ्या पंपाचं एक मोठं इंजिन शिल्लक आहे, ते बसवतो. घाट काय, डोंगर चढेल."

धाकटा म्हणाला, "इंजिन आहे तेच चांगलं आहे. त्याला हवा कमी पडते. मी एक पंखा बसवतो. इंजिनाचा जो धूर फुकट जातो, त्यावरच तो फिरेल आणि इंजिनात हवा कोंबेल. जास्त हवा, जास्त जोर." आज त्याला टर्बो म्हणतात. तेव्हा नुसता पंखाच म्हणत.

"त्या हवेत काय जीव आहे?" थोरला म्हणाला. "म्हाताऱ्याला मिरचीची धुरी देऊन पळवण्यातला प्रकार!"

"आणि तुझं इंजिन म्हणजे बकरीच्या धडावर रेड्याचं डोकं, दादा. वळणावर मान वळेल का तिची?"

राजा म्हणाला, "भांडण घरी. इथे खोट सांगा. आपापल्या कामाची."

मग थोरला खरं बोलला. "माझं इंजिन जड आहे. पुढचे भार पेलणारे पाटे बदलावे लागतील, गिअरपेटी बदलावी लागेल. घाईत केलं तर गाडी वळणावर वळणार नाही, दरीत जाईल. नीट करायला अख्खा पावसाळा लागेल. पण झालं की झालं. मग बाईंनी कशीही चालवावी."

धाकटाही खरं बोलला. "माझं काम लवकर होईल. पण पंख्याची एक अट आहे. चढ चढून आल्यावर तो लाल तापलेला असतो. तशीच गाडी बंद केली तर तेल जागच्या जागी जळतं आणि पंखा मरतो. थांबल्यावर इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवायचं. एक पान लावून खाऊन होईल एवढा वेळ. पंखा निवला की मगच चावी फिरवायची. आणि चालू गाडी घाटात सोडून जायचं नाही, तिच्यापाशी माणूस हवा."

थोरला हसला. "आणि ही बाई बसेल? गाडी थांबायच्या आत ही दारात असते."

राजाने बाईकडे पाहिलं. "बसाल?"

तिला पंखाच हवा होता. पावसाळाभर वस्त्या उघड्या टाकणं तिच्या जिवावर आलं होतं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी काम झालं असतं.

ती म्हणाली, "नाही, महाराज. आत माणूस तडफडत असताना मी बाहेर गाडीत बसणार नाही. बसेन असं सांगितलं तर ते खोटं होईल."

पंखा बसवला तर तो मरणार. इंजिन बदललं तर तोवर माणसं मरणार.

तेवढ्यात दारातून आवाज आला. घोंगड्या पोचवायला आलेला तो धनगर तिथे उभा होता. तान्हं मूल झोळीत होतं.

"बाईंनी कशाला बसायचं? त्या आत जातील. गाडीपाशी मी बसंन."

थोरला म्हणाला, "तुझ्या दारात तू बसशील रे. दुसऱ्याच्या दारात कोण?"

"ज्याच्या घरी दुखणं, त्यो. लांबनं घोडा पळवत कुणी आपल्या मदतीला आला, तर घोडा कोण धरतं? घरचं माणूस धरतं, फिरवून थंड करतं. ह्यात नवं काय हाय?"

राजा म्हणाला, "मी तसा हुकूम काढतो."

"हुकूम नगं, महाराज. बाईंनी सांगितलं की पुरे."

पंखा बसला. थोरल्याने तोंड वाकडं केलं, पण घरी बसला नाही. गाडीचे ब्रेक त्याने स्वतः बदलले. "चढवायची हौस तुला," तो धाकट्याला म्हणाला, "उतरवायची काळजी मला."

पहिल्याच फेरीत गाडी शेवटचा चढ शीळ घालत चढली. बाई एका दारात थांबली. आत पोरगी तापाने फणफणली होती. बाप दारात नुसता हात चोळत उभा होता. बाईने त्याचा हात धरून त्याला गाडीत बसवलं. "इथे बसा. हा आवाज ऐका. पान खाण्याएवढा वेळ जाऊ द्या, मग ही चावी फिरवा." आणि ती आत पळाली.

बापाच्या रिकाम्या हातांना काम मिळालं. त्याने ते देवाचं काम असल्यासारखं केलं.

पुढे सांगावंही लागेना. गाडीचा आवाज आला की लोक दारापुढची सपाट जागा मोकळी करत. एखादा लेक आईच्या उशाशी रडत बसला, तर म्हातारी खाटेवरूनच ओरडे, "आधी गाडी धर, मेल्या. मग रड!"

वर्षं गेली. थोरल्याने म्हटलं होतं पंखा महिनाभर टिकणार नाही. पंखा टिकला.

मग एका दुपारी थोरल्याचीच बायको छातीत कळ येऊन पडली. लाल गाडी दारात आली. बाई उतरली आणि काही न बोलता आत गेली. थोरला गाडीत बसला. इंजिन मंद चालू होतं, आणि जन्मभर इंजिनं ऐकलेला तो माणूस त्या पंख्याकडे कान लावून बसला होता.

धाकटा धावत आला. "दादा, वहिनी कशा आहेत?"

"बाई आत आहे."

"मी बसू का गाडीपाशी?"

"नको. माझं दार आहे." मग तो म्हणाला, "चांगला बनवलायस."

पंख्याची शीळ उतरत गेली, विरली. थोरल्याने चावी फिरवली. त्या शांततेत आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, बारीक पण नेहमीचाच करडा. "बाहेर कोण बोलतंय? बाईंना चहा विचारला का कुणी?"

थोरल्याने बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

पंपाचं ते शिल्लक मोठं इंजिन पुढे पंपालाच जोडलं गेलं आणि शेवटपर्यंत गडावर पाणी चढवत राहिलं. तेही चांगलंच काम होतं.

बोध एवढाच: जो आपल्यासाठी धावत येतो, त्याला दम खाऊ देणं हे आपलं काम आहे.